वादळाला कशाला शिव्या देता?

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या सोसायटीतला गुलमोहर पडला. माझ्या गाडीवर.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून "याचं काय जातंय बोलायला" असं कुणी म्हणू नये. माझं गेलंय. पुढची काच, बॉनेट आणि छत. गाडीचे अजून एकोणतीस हप्ते बाकी आहेत. इन्शुरन्सचा सर्व्हेयर येऊन फोटो काढून गेला, आणि कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं 'वादळ'. चेअरमन साहेबांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं 'नैसर्गिक आपत्ती'. शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवाची इच्छा, दुसरं काय. तू गाडीत नव्हतास ना, मग झालं." शब्द तीन, अर्थ एकच. आपला काही दोष नाही.

आजची ही पोस्ट त्या तिघांच्या विरोधात आहे. आणि थोडी माझ्याही.

पुण्यातल्या ऑक्टोबरचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहेच. सकाळपासून ऊन चटचटतं, दुपारी ऑफिसच्या एसीतून चहाला बाहेर पडलं की अंगाची लाही होते, चारच्या सुमाराला कापसाच्या गंजीसारखे ढग उभे राहतात आणि पाचला काळोख. मग आधी वारा येतो, पाऊस मागून. उंच ढगातून गार हवा एकदम खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना सुटते, तो हा वारा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पण झाडांसाठी वर्षातली ही सगळ्यात वाईट वेळ. चार महिने पाणी पिऊन जमीन मऊ झालेली असते. पानं गच्च भरलेली असतात, म्हणजे प्रत्येक झाड शीड उभारलेल्या होडीसारखं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे आपण सगळे सेकंड इयरला शिकलोय (आणि सबमिशन संपल्यावर विसरलोय).

म्हणजे वादळ खोटं नव्हतं. पण आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक जुना बंगला आहे, आणि त्याच्या अंगणातही एक गुलमोहर आहे. आमच्यापेक्षा जुना, आमच्यापेक्षा उंच. दोन झाडांमध्ये अंतर असेल पंचवीस पावलं. तोच वारा, तोच पाऊस, तीच दहा मिनिटं. त्या गुलमोहराच्या दोन फांद्या मोडल्या. झाड उभं आहे.

आपल्या धंद्यात एक सर्व्हर पडला आणि तसाच दुसरा त्याच लोडवर चालू राहिला, तर आपण लोडला शिव्या देतो का? नाही. आपण दोघांमध्ये फरक काय ते बघतो. रूट कॉज ॲनालिसिस म्हणतो त्याला. मराठीत त्याला जास्त चांगला शब्द आहे, 'मूळ कारण'. या केसमध्ये तर ते अक्षरशः मुळाशीच होतं.

बुधवारी सकाळी सहाला मी खाली गेलो. गाडीचं काय उरलंय ते बघायला, खरं तर. माळीकाका आधीच आलेले होते. काका मूळचे बार्शीकडचे, गेली अकरा वर्षं आमच्याकडे येतात. सकाळी आमची सोसायटी, मग अजून तीन. मला वाटलं ते पडलेल्या गुलमोहराशी झटापट करत असतील. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते मागच्या बाजूला प्राजक्तापाशी गुडघ्यावर बसले होते. प्राजक्त, कढीपत्ता आणि दोन वर्षांपूर्वी लावलेलं ताम्हण, ही तिन्ही आडवी झालेली. मुळं उघडी पडलेली, त्यावर काकांनी ओलं गोणपाट टाकून ठेवलेलं.

"काका, मोठं झाड आधी नको का?"

"ते कुठं जातंय दादा? ते मेलंय. ह्यांची मुळं दहा वाजेपातूर सुकतील, मग हीबी गेली."

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर करतात तसं. ज्याला वाचवता येतं ते आधी. ग्रुपवर रात्रभरात एकशे बारा मेसेज पडले होते, त्यातल्या एकाही मेसेजला हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

मग मी तासभर त्यांच्या हाताखाली काम केलं. खड्डा एका बाजूने मोकळा करायचा, मूळ दुमडलं जाणार नाही एवढा. झाड हळू उभं करायचं, पूर्वी माती होती त्याच पातळीला, खोल पुरायचं नाही. मोडलेल्या मुळाचं टोक कात्रीने साफ कापायचं. माती पायाने धपाधप दाबायची नाही, पाणी सोडून बसू द्यायची. आणि आधाराची काठी. मी उत्साहात ताम्हणाला वर, शेंड्याजवळ बांधायला निघालो, तर काका म्हणाले, "मानंला नका बांधू, फास बसंल. कंबरेला बांधा. त्याला हलू द्या जरा, हलल्याबिगर खोड भरत नाही." बांधायला तार नाही, सुतळी नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घालून. तार सालीत रुतते, ट्यूब ताणते. या सगळ्याला पैसे किती लागले? शून्य.

ते झाल्यावर काका मला गुलमोहराकडे घेऊन गेले. "आता बघा हिकडं."

झाड मुळासकट उपटलं होतं, आणि मुळांची चकती उभी राहिली होती, माझ्यापेक्षा उंच. जाडी मात्र जेमतेम एक वीत. एवढ्या मोठ्या झाडाच्या मुळांची जाडी एक वीत! पेव्हर ब्लॉकच्या खाली, दाबलेल्या मुरुमाच्या वर, जिथे थोडी हवा आणि थोडं पाणी मिळत होतं तिथे सगळी मुळं चटईसारखी पसरलेली. खाली गेलेलं एकही नाही. आणि पूर्वेच्या बाजूला तर मुळंच नव्हती. होती ती फक्त टोकं. करवतीने कापल्यासारखी एका रेषेत, काळी पडलेली, दाबली की बोटाने चुरा होणारी.

ती रेषा मी ओळखली. चार वर्षांपूर्वी गॅसची पाइपलाइन आली तेव्हा खोडापासून दोन फुटांवरून चर खणला होता. सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघत होती, सिलिंडरची कटकट गेली म्हणून टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

"दोन-चार वरसं झाली त्याला जाऊन," काका म्हणाले. "पडलं काल."

मंगळवारचा वारा पूर्वेकडून आला होता. झाडाला वारा लागतो तेव्हा वाऱ्याच्या बाजूची मुळं दोरासारखी ताणली जातात, तीच झाडाला धरून ठेवतात. आमच्या झाडाचे त्या बाजूचे दोर आम्ही चार वर्षांपूर्वीच कापून ठेवले होते.

आता माझी कबुली. चर खणला त्यात माझा हात नव्हता. पण दोन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला, तेव्हा मी सहसभासद म्हणून हात वर केला होता. पावसात चिखल होतो, गाडी घाण होते, म्हणून. खर्च चार लाख साठ हजार. काम चालू असताना काका म्हणाले होते, "खोडाला वाट ठेवा जरा." कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, लेव्हल बिघडेल. आम्ही लेव्हल सांभाळली. ब्लॉक खोडाला टेकवून घेतले, फटीत सिमेंट भरलं, आणि दिवाळीला खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढून फोटो काढले. त्या ठरावाखाली माझी सही आहे. गुलमोहर माझ्या गाडीवर पडला यात मला थोडा न्यायच दिसतो.

झाडाच्या मुळांबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चुकीचं चित्र असतं, शाळेच्या पुस्तकातलं. वर जेवढं झाड तेवढंच खाली, आरशातल्या प्रतिबिंबासारखं. तसं नसतं. मोठ्या झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही कितीतरी बाहेर पळतात. कारण मुळांना फक्त पाणी लागत नाही, हवा लागते. ती श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, आणि आपण त्यावर रोलर फिरवला, गाड्या लावल्या, सिमेंट ओतलं की त्या पोकळ्या मिटतात. झाड लगेच मरत नाही, हीच गोची आहे. ते पाच-सात वर्षं हिरवं राहतं, मे महिन्यात लालभडक फुलतं, आपण स्टेटस टाकतो. आणि एका ऑक्टोबरात ते पडतं. मग आपण म्हणतो वादळ आलं.

हे मी मनाचं सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी लंडनला होतो. ऑनसाइटच्या एका रविवारी करायला काही नव्हतं म्हणून क्यू गार्डन्सला गेलो. तिथे टर्नर्स ओक नावाचं एक झाड आहे, १७९८ साली लावलेलं. त्याची गोष्ट तिथे कळली तेव्हा 'भारी आहे' म्हणून पुढे गेलो होतो. बुधवारी आमच्या मुळांच्या चकतीसमोर उभा असताना ती आठवली.

१९८७ सालच्या ऑक्टोबरात, १५ आणि १६ तारखेच्या मधल्या रात्री, दक्षिण इंग्लंडवर एक भयानक वादळ आलं. परिस्थिती आपल्यासारखीच होती. जमीन पावसाने भिजलेली, झाडांवर पानं अजून टिकलेली. एका रात्रीत अंदाजे दीड कोटी झाडं पडली. एकट्या क्यू गार्डन्समध्ये सातशे. टर्नर्स ओक मुळांच्या चकतीसकट वर उचलला गेला आणि परत आपल्याच खड्ड्यात बसला. माळ्यांनी त्याला आधार देऊन ठेवला आणि बाकीच्या शेकडो झाडांमागे लागले. हे काही जगत नाही, सवडीने बघू, अशा हिशेबाने. सवड मिळाली तीन वर्षांनी. जाऊन बघतात तर झाड ठणठणीत! वादळाच्या आधी ते खंगत चाललं होतं आणि आता जोमाने वाढत होतं. 

कारण काय, तर कित्येक वर्षं हजारो लोकांच्या पायांनी त्याच्या बुंध्याभोवतीची माती दगडासारखी झाली होती. वादळाने ते झाड हलवून ती माती मोकळी केली, मुळांना हवा मिळाली. टोनी कर्कहॅम हे तेव्हा तिथे झाडांचं काम बघायचे, पुढे ते क्यूच्या वृक्षविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी यातून धडा घेतला. दाबाखाली वायू सोडून जुन्या झाडांखालची माती मोकळी करायला त्यांनी सुरुवात केली, आणि बुंध्याभोवती गवत, फरशी काही न ठेवता पालापाचोळ्याचं मोकळं वर्तुळ ठेवायला लागले.

तिथे वादळाने जे फुकटात करून दिलं ते करायला आपल्याला एक पहार आणि दोन दिवस पुरतात. काकांनी हे दोन वर्षांपूर्वी चार शब्दांत सांगितलं होतं. पण काका क्यू गार्डन्सचे नाहीत ना, बार्शीचे आहेत.

आता खरा मुद्दा. उद्या, रविवारी सकाळी ११ वाजता आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे. अजेंड्यावर दोन विषय आहेत.

पहिला विषय, 'धोकादायक झाडे काढणे'. आमच्याकडे सात झाडं होती. गुलमोहर गेला. उरले एक बूच, दोन सोनमोहर, एक कडुलिंब, एक सप्तपर्णी आणि एक सुबाभूळ. सहाच्या सहा झाडं काढायची, कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन अडतीस हजार. इंग्लंडमध्ये सेव्हनओक्स नावाचं गाव आहे, म्हणजे सात ओकांचं गाव. १९८७च्या त्या रात्री तिथल्या क्रिकेट मैदानाजवळच्या सातपैकी सहा ओक पडले, एक राहिला. आम्ही त्याच्या बरोबर उलटं करणार आहोत. वादळाने सातातलं एक नेलं, उरलेली सहा आम्ही नेणार. सांगा, मोठं वादळ कोणतं?

दुसरा विषय, 'माळीकामातील हलगर्जीपणा'. म्हणजे झाडाकडे लक्ष ठेवणं हे माळ्याचं काम होतं, ते त्याने केलं नाही, सबब दोन महिन्यांच्या पगारातून काही रक्कम कापावी. त्यांचा पगार नऊ हजार आहे. ज्या माणसाने धोका आधी सांगितला होता त्यालाच जबाबदार धरायचं! आपल्या ऑफिसात हे झालं की आपण कँटीनमध्ये किती चिडतो आठवतंय? टेस्टरने बग लिहून दिला, मॅनेजरने 'नंतर बघू' म्हणून बंद केला, प्रॉडक्शनला लाइव्ह गेल्यावर फुटला आणि अप्रेजल कुणाचं बिघडलं, तर टेस्टरचं. तेव्हा आपल्याला अन्याय दिसतो. माळ्याच्या बाबतीत दिसत नाही. कारण त्याच्याकडे मेल ट्रेल नाही. तो तोंडी सांगून गेला होता.

मंडळी, माझा राग चेअरमन साहेबांवर नाही. ते सत्तर वर्षांचे आहेत, त्यांना झोप लागत नाहीये, उद्या एखाद्या मुलाच्या डोक्यात फांदी पडली तर पोलीस त्यांना विचारणार. माझा राग आपल्यावर आहे. तिशीच्या आसपासच्या, इंजिनिअरिंग केलेल्या, आयटीतल्या. ग्रुपवर 'रिमूव्ह ऑल, सेफ्टी फर्स्ट' असं लिहून अंगठा दाखवणारे आपणच आहोत. जूनमध्ये कंपनीच्या टी-शर्टात टेकडीवर जाऊन रोपं लावणारेही आपणच. ती रोपं एप्रिलमध्ये कुठे असतात हे बघायला आपल्यातलं कुणी गेलंय? झाडं आपण लावतो, जगवतं कुणी दुसरंच.

ग्रुपवर आलेले युक्तिवाद एकेक करून घेऊ.

"सुरक्षितता आधी." मान्य. शंभर टक्के. म्हणूनच प्रत्येक झाड तपासा. बुंध्याशी छत्रीसारख्या किंवा फळीसारख्या बुरश्या आल्यात का? खोड ठोकल्यावर पोकळ वाजतं का? एका बाजूची जमीन उचलली गेलीये, भेग पडलीये का? झाड अलीकडे कललंय का? आमचा सुबाभूळ या परीक्षेत नापास आहे. बुंध्यात हात जाईल एवढी ढोली आहे आणि खाली मुलांच्या सायकली असतात. तो काढा, मी स्वतः अर्जावर सही करतो. पण एक नापास झाला म्हणून वर्ग बंद करायचा?

"परदेशी झाडं अशीच पडतात." अर्धं खरं. गुलमोहर मादागास्करचा, त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. पण भिंतीपलीकडचा गुलमोहर काय कोकणातला आहे? आणि वड तर आपलाच ना? त्याच्या पारंब्या म्हणजे त्याचे खांब. त्या बसच्या टपाला लागतात म्हणून आपण छाटतो, आणि मग वड पडला की परत वादळ!

"काढत नाही तर निदान वरून अर्ध्यात छाटून टाकू." हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, आणि सगळ्यात वाईट. शेंडा उडवला की झाड घाबरून त्या ठिकाणी झाडूसारखे फुटवे काढतं. ते फुटवे वरच्या थरातूनच आलेले असतात, आतून पकड नसते. कापलेल्या तोंडातून कूज आत शिरते. चार-पाच वर्षांत तेच फुटवे जड होऊन मोडतात. म्हणजे आज हॉटफिक्स आणि पुढच्या व्हर्जनमध्ये दुप्पट बग. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर भाग न दुखवता. त्याला छाटणी म्हणतात. बाकीची नुसती कत्तल.

"काढू आणि दुप्पट नवीन लावू." कुठे? त्याच पेव्हर ब्लॉकमध्ये, दोन बाय दोनच्या खड्ड्यात? मग अठरा वर्षांनी माझ्यासारखाच कुणीतरी हीच पोस्ट लिहील.

आणि हो, कायदा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, ते आपल्या आवारात असलं तरी. 'कॉन्ट्रॅक्टर सगळं बघून घेतो' हे वाक्य कोटेशनमध्ये आहे, तेवढ्यावर कोर्टात भागेल का बघा. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आदेश दिल्लीपुरता असेल, झाडाचं शरीरशास्त्र दिल्ली-पुण्यात सारखंच आहे.

आता हिशेब. बुंध्याच्या चारी बाजूंना एक-एक मीटर मोकळं ठेवायचं, तर एका झाडाला साधारण अडीच बाय अडीच मीटर जागा लागते. सव्वासहा चौरस मीटर. सुबाभूळ सोडून पाच झाडं, म्हणजे एकतीस आणि थोडं वर. एका गाडीची जागा साडेबारा. म्हणजे पाच झाडं जगवायला अडीच गाड्यांची जागा लागते. अडीच! आमच्याकडे चौसष्ट फ्लॅट आणि एकाहत्तर गाड्या आहेत. काका आणि दोन मजूर, दोन दिवस, चार-पाच हजारांत काम होतं. ब्लॉक काढायचे, मुरूम पहारीने हलक्या हाताने फोडायचा, मुळांना न दुखवता. त्यावर कुजलेलं शेणखत आणि सोसायटीतलाच पालापाचोळा, जो आत्ता आपण रोज पैसे देऊन कचऱ्यात पाठवतो. पालापाचोळा खोडाला चिकटवायचा नाही, चार बोटं सोडून. आणि पुढचा चर खणायचा झाला तर आधी काकांना विचारायचं. कुठलंही मशीन लागत नाही, कुठलंही ॲप लागत नाही.

उद्या मी सभेत तीन गोष्टी मांडणार आहे. एक, पगारकपातीचा विषय रद्द करून काकांची लेखी माफी. दोन, सुबाभूळ परवानगी काढून काढायचा आणि बाकी पाच झाडांभोवतीचे ब्लॉक दिवाळीच्या आत उचलायचे. तीन, त्या अडीच गाड्यांतली एक जागा माझी. बुचाच्या पलीकडची, सतरा नंबर. ती मी सोडतोय. (गाडी तशीही गॅरेजमध्ये आहे, पण परत आल्यावरही.) दीड जागा अजून कुणीतरी द्यायची आहे.

मतं मिळतील का? आकडे बघता कठीण आहे. माझ्या वयाचे बरेच जण उद्या सभेला येणारच नाहीत, वीकेंड असतो. ऑफिसच्या मीटिंगला साडेनऊला लॉगिन करणारे आपण, स्वतःच्या घराखालच्या मीटिंगला झोपून राहतो. तुमच्याही सोसायटीत या महिन्यात अशी सभा असणार, पुण्यात एकच झाड पडलेलं नाही. जा. आणि जायच्या आधी एकदा खाली उतरून आपल्या झाडांचे बुंधे बघा. बाकी काही करू नका, फक्त सिमेंट कुठपर्यंत आलंय ते बघा.

आमच्या यादीत पहिला नंबर बुचाचा आहे, सगळ्यात उंच म्हणून. त्याचं लाकूड ठिसूळ आहे हे मला मान्य आहे, त्याच्या वाळक्या फांद्या काढाव्या लागतील. पण ऑक्टोबर चालू आहे आणि तो फुललाय. आत्ता रात्रीचे साडेबारा वाजलेत, खिडकी उघडी आहे आणि वास वरपर्यंत येतोय. सकाळी खाली पेव्हर ब्लॉकवर पांढरा सडा असेल. काका तो झाडायच्या आधी मी तिथे पोचणार आहे.

असो. झोपतो आता. उद्या हात वर करायचाय, या वेळी बरोबर ठिकाणी.